खाकी सोडून काहीही

उन्हाबद्दल मला कोणी सल्ला दिला की माझं डोकं फिरतं. भिलाईत वाढलेल्या माणसाला ऊन शिकवायला निघणं म्हणजे जरा अतिच झालं. मेच्या शेवटी आमच्याकडे नवतपा लागतो, वर्षातले सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, तेव्हा सुपेल्याच्या चौकातलं डांबर चपलेला धरून ठेवतं आणि दुपारची कुत्री एटीएमच्या दाराशी जाऊन पडतात, आतली गार हवा फटीतून येते म्हणून. त्यातून माझं काम कारखान्यांमधल्या क्रेन दुरुस्त करण्याचं. या क्रेन जमिनीवर नसतात, शेडच्या छताखाली रुळांवरून फिरतात, आणि खालच्या भट्ट्यांची सगळी धग वर जाऊन तिथंच मुक्काम ठोकते. भर उन्हाळ्यात त्या रुळांवर चढून मी तारा जोडल्या आहेत. त्यामुळे इराकमधल्या एका शहरात काही महिन्यांसाठी जायचं ठरलं आणि 'तिथं फार ऊन असतं हं' असे नातेवाइकांचे फोन सुरू झाले, तेव्हा मी प्रत्येकाला एवढंच विचारलं, की मी कुठं राहते ते तुम्हाला माहीत आहे ना.

काम सरळ होतं. तिथली एक रोलिंग मिल, म्हणजे लोखंडाच्या सळया काढणारा कारखाना, लढाईच्या काळात बंद पडला होता. लढाई थांबली, लोक परत आले, आता मिल सुरू करायची होती, आणि इतकी वर्षं जागच्या जागी गंजत उभ्या असलेल्या क्रेन हलवायला माणसं हवी होती. आमची कंपनी इथलीच, लहानशी; तिला ते काम मिळालं. विजेचं सगळं मी बघते. साहेबांनी विचारलं, जाणार का, मी हो म्हटलं आणि मग घरी सांगितलं. हा क्रम उलटा हवा होता असं आई अजूनही म्हणते. मला तसं वाटत नाही. आधी घरी विचारलं असतं तर घरी चर्चा झाली असती, आणि आमच्या घरातली चर्चा एकदा सुरू झाली की पासपोर्टची मुदत संपेपर्यंत चालते.

आई घाबरली, रडली, आणि दुसऱ्या दिवशी जवसाची चटणी किती टिकेल याचा विचार करायला लागली. तिचं असंच आहे, तिला हाताला काम मिळालं की भीती आपोआप बाजूला बसते. बाबांचं मात्र तसं झालं नाही. बाबा काही बोललेच नाहीत.

इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. बाबा पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर होते, म्हणजे कोळसा भाजून त्याचा कोक करतात त्या भट्ट्यांवर. निवृत्त होईपर्यंत तिथंच. शिफ्टला निघताना ते फाटकाशी सायकल धरून 'येतो' म्हणायचे आणि आई ओट्यावर येऊन 'या' म्हणायची. 'जातो' म्हणायचं नाही हे तर सगळ्याच मराठी घरांत असतं. प्लांटवाल्यांच्या घरात त्याला आणखी दोन नियम जोडलेले आहेत. 'या' ऐकल्याशिवाय फाटक सोडायचं नाही, आणि एकदा ऐकलं की मागे वळून बघायचं नाही. लहानपणी मी मुद्दाम मागून हाका मारायचे, पडले म्हणून रडण्याचं नाटक करायचे. सायकल कधीच थांबली नाही. मी कामाला लागले तेव्हा ही रीत माझ्याकडे आली. मी 'येतो, बाबा' म्हणायचे, आमच्याकडे बायकाही 'येतो'च म्हणतात, आणि बाबा 'ये' म्हणायचे. आदल्या रात्री कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी सकाळी 'ये' मिळायचंच.

इराकचं सांगितलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी निघताना 'येतो, बाबा' म्हटलं आणि बाबा पेपर वाचत राहिले. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पान उलटलं. शेवटी आईने आतून 'ये' म्हटलं आणि मी गाडीला किक मारली. पुढच्या सकाळी तेच, आणि त्याच्या पुढच्याही. मला त्यांची परवानगी नको होती, पस्तिशीच्या बाईला परवानगी कसली. मला तो एक शब्द हवा होता. तो न ऐकताही विमान उडालंच असतं, पण माझा पाय त्यात पडला नसता, आणि हे बाबांना पक्कं माहीत होतं. म्हणून तर माझा संताप होत होता.

मी आडवळणाने जाणारी बाई नाही. रविवारी चहाच्या वेळी मी सरळ विचारलं, की माझ्याशी बोलणं बंद केलंय का. बाबांनी बशीतला चहा संपवला आणि मग शांतपणे सांगितलं.

"कोक ओव्हन मले माहीत होतं. तुहं वर्कशॉप मी येऊन पाहिलं. तिथून माणूस घरी येते हे मले माहीत हाय, म्हणून ये म्हणतो. जी जागा मी पाहिली नाही तिथं पोरीले ये कसं म्हणू? नुसतं तोंडातून काढाचं म्हणून काढाचं?"

मी म्हटलं, मग रोजच्या कामाला निघते तेव्हा काय होतं म्हणायला. त्यावर ते म्हणाले, रोज म्हणत राहिलो तर त्या दिवशीही सवयीनं तोंडातून निघून जाईल. मी कप उचलले आणि मोरीत जरा जास्तच जोरात ठेवले.

मग बॅग भरणं सुरू झालं. कोहका भागातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत दिवाण आहे, त्यावर बॅग उघडी टाकून मी सुचेल तसं भरत होते. बाबा समोरच्या खुर्चीत. पहिले दोन-तीन दिवस नुसते बघत होते. मी पटकन वाळणारे दोन टी-शर्ट ठेवले, तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. हे पोराईचे खेळाचे कपडे धगीजवळ अंगाला चिकटतात, म्हणाले. मला ते ठाऊक होतं, टी-शर्ट संध्याकाळी खोलीत घालायचे होते, पण ते बोलले याचाच मला इतका आनंद झाला की मी मुकाट्याने काढून ठेवले. मग त्यांचं जे नेहमीचं आहे ते सुरू झालं: गरमीत कपडे कमी करतो तो मूर्ख, उघडा माणूस आधी पडतो, अंग झाकायचं, कापड सुती आणि जाड, गळ्यात ओला पंचा, खिशात कांदा. कांदा विमानतळावर काढून घेतील हे मी सांगितलं. कांद्याने कोणाचं काय बिघडतं हे त्यांना पटेना.

खरी जुंपली ती खडावांवरून. कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर उभं राहून काम करायचं असतं आणि पायाखालची जमीन म्हणजे भट्टीचं झाकणच. बुटाचा तळ वितळतो. म्हणून तिथली माणसं बुटाखाली लाकडाच्या जाड खडावा पट्ट्याने बांधतात. बाबांच्या खडावा घरी जपून ठेवलेल्या आहेत, काळ्या पडलेल्या, एकेक विटेएवढी जड. त्या बॅगेत घाल म्हणाले. मी म्हटलं, मी भट्टीवर नाही, क्रेनवर चढणार आहे, आणि खडावा घालून शिडी चढले तर ऊन लागायच्या आधीच खाली पडेन. ते म्हणाले, तिथलं छत पत्र्याचं असलं तर? मला काय माहीत छत कशाचं आहे ते. म्हणून मी तिथल्या आमच्या साइट-इन्चार्जना फोन लावला आणि बाबांच्या हातात दिला.

हे इन्चार्ज मूळचे आंध्रातले, पण अर्धं आयुष्य भिलाईत काढलेले. माझ्या आधीच तिथं पोचले होते. बाबांनी त्यांना छत विचारलं, पाणी विचारलं, लू कोणत्या बाजूने येते ते विचारलं, दुपारी काम थांबवतात का, रात्री लोक कुठं झोपतात. ते गृहस्थही निवांत होते. उन्हाळ्यात तिथंही लोक गच्चीवर झोपतात, बाजारात बर्फाच्या लाद्या विकतात, आणि भर दुपारी काचेच्या इवल्या पेल्यात उकळता काळा चहा पितात. चहाचं ऐकून बाबांनी मान हलवली. गरमीत गरम चहा पिणारी माणसं त्यांना शहाणी वाटतात. त्या दिवसानंतर एक दिवसाआड ते माझा फोन मागून घ्यायचे. इन्चार्जशी त्यांची अशी गट्टी जमली, की मिलच्या फाटकापासून क्वार्टरपर्यंत वाटेत किती झाडं आहेत हे मला बाबांकडून कळलं. खडावांचा विषय मागे पडला. छत सिमेंटचं निघालं होतं.

आणि मग एका संध्याकाळी बाबा सुपेल्याहून एक पुडकं घेऊन आले. त्यात शर्ट-पँटचे तीन जोड होते. जाड सुती खाकी, पूर्ण बाह्यांचे, पँटला मांडीवर खिसे. निवृत्तीआधी प्लांटमधून ड्रेससाठी मिळालेलं शेवटचं कापड त्यांनी शिवलंच नव्हतं, डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवलं होतं. माझा जुना शर्ट मापाला म्हणून गुपचूप शिंप्याकडे नेला होता. "घालून पाह्य," एवढंच म्हणाले. मी घातला. खांदे नीट बसले, काखेत हात वर करायला जागा होती, आणि शिंप्याने बायकी कंबर काढायचा आगाऊपणा केलेला नव्हता. मी आरशासमोर उभी असताना बाबा मागून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून मला वाटलं, आता उद्या सकाळी 'ये' नक्की.

खाकी म्हणजे आमच्या घरात काय हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. माझं शाळेचं दप्तर बाबांच्या जुन्या पँटचं होतं. पाण्याची छागल खाकी, मोटारीवरचं झाकण खाकी, आईच्या पिठाच्या चक्कीची पिशवी खाकी, न्हाणीघराच्या दाराचा पडदा एके काळी खाकी. गल्लीत खाकी कपड्यातला माणूस दिसला की कोणाचे तरी बाबा घरी आले, एवढाच त्याचा अर्थ. या रंगाने कोणाचं वाईट झालेलं मी पाहिलं नव्हतं.

त्याच रात्री जेवणानंतर इन्चार्जचा फोन आला. कोणती हत्यारं आणायची, कोणती तिथं मिळतील, याबद्दल बोलणं झालं. ठेवता ठेवता ते म्हणाले, "और मैडम, कपड़ा खाकी छोड़के कुछ भी लाना."

मी विचारलं, का. त्यांना वाटत होतं मला कंपनीने सांगितलं असेल. मग त्यांनी सांगितलं. लढाईच्या वर्षांत तिथं सगळ्यांनीच तो रंग घातला होता. फौजेने घातला, फौजेविरुद्ध लढणाऱ्यांनी घातला, आणि दार वाजवून घरातल्या माणसाला घेऊन जाणाऱ्यांनीही घातला. कोण कुठला हे कपड्यावरून कळायचं नाही, म्हणून लोक तो रंग दिसला की आधी आत जायचे. लढाई संपली, ती सवय राहिली. आमच्याच कामावर आलेला एक फिटर सुट्टीच्या दिवशी खाकी कपड्यात बाजारात गेला, साधी साबणाची वडी घ्यायला. गल्लीतल्या दुकानांची शटरं एकामागून एक खाली येत गेली. एका म्हाताऱ्या चहावाल्याला पळता आलं नाही, तो दोन्ही हात वर करून उभा राहिला, एका हातात चहाचा पेला तसाच. फिटरला कोणी काही केलं नाही. पण तो त्यानंतर बाजारात गेला नाही, दुसऱ्या रंगाच्या कपड्यातही नाही.

मी फोन ठेवला आणि त्या तीन जोडांकडे बघत बसले. मला धक्का बसला होता, पण खरं सांगायचं तर त्या चहावाल्यापेक्षा मला त्या क्षणी बाबांचं जास्त वाटत होतं. आईने हळूच तोडगा काढला. घेऊन जा, घालू नको, त्याईले काय समजते. पण बाबा रोज व्हिडिओ कॉल करणार, कपड्यांचं विचारणार, हे मला दिसत होतं. आणि गरमीच्या बाबतीत आम्ही एकमेकांशी खोटं बोलत नाही. हा आमच्यातला लिहून न ठेवलेला करार आहे, त्यावर प्लांटमधल्या माणसांचा जीव अवलंबून असतो.

सकाळी चहाला मी त्यांना सगळं सांगितलं. दुकानांचं, हात वर केलेल्या म्हाताऱ्याचं. बाबा आधी हसले. खाकीला कोण भितं, म्हणाले, खाकी म्हणजे तर पगार. मग त्यांचं हसू थांबलं. कप हातातच राहिला.

आता बाबांची एक गोष्ट आमच्या घरात हजार वेळा सांगून झालेली आहे. तरुणपणी एकदा त्यांना कामासाठी दक्षिणेकडे, बस्तरच्या बाजूच्या एका खाणीवर पाठवलं होतं. वाटेत बस एका आठवडी हाटाशी थांबली. बायका जमिनीवर चारोळीचे, चिंचेचे ढीग मांडून बसल्या होत्या. बाबांना आईसाठी चारोळी घ्यायची होती, म्हणून ते ड्यूटीच्या खाकी कपड्यात, बूट वाजवत तिकडे चालत गेले. पोचेपर्यंत ढीग होते आणि बाया नव्हत्या. एकही नाही. बाबा थोडा वेळ उभे राहिले आणि परत बसमध्ये येऊन बसले. ही गोष्ट ते विनोद म्हणून सांगायचे: बस्तरचा बाजार असा, की गिऱ्हाईक आलं की उठतो. आम्ही दरवेळी हसायचो. पाहुण्यांना मीच आठवण करून द्यायचे, बाबा, ते चारोळीचं सांगा ना.

त्या सकाळी बाबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाजार उठला नव्हता."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाबांनी ते तीन जोड उचलून मांडीवर घेतले, शिवणीवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता हे पेटीत परत जाणार, आणि माझा शब्दही त्यांच्याबरोबर. मी तोंड उघडणार एवढ्यात ते म्हणाले, कापड चांगलं आहे, रंग बदलायचा.

कोणता रंग द्यायचा याबद्दल आमच्या घरात दुमत असायचं कारण नव्हतं. निळा. आमच्या वस्तीत एप्रिलच्या मिरवणुकीला जो रंग निघतो तो, विहाराच्या कमानीचा, बाबांच्या सणाच्या शर्टाचा. बाबा लगेच चपला घालून दुर्गच्या जुन्या बाजारातून रंगाच्या पुड्या आणायला निघालेसुद्धा. मी म्हटलं, थांबा, आधी विचारू द्या. विचारलं तर तिथल्या पोलिसांचे शर्ट निळे. बाबांना हा अपमानच वाटला. निळ्याला घाबरणारं गाव त्यांना पटेना. हिरवा फौजेच्या फार जवळचा. काळा वेगळ्याच कोणाचा होता, आणि उन्हात काळा घालायला आमच्यात कोणी वेडं नाही. पांढरा तर खाकीवर चढतच नाही. बाबा वैतागून म्हणाले, मग तिथली माणसं घालतात तरी काय.

"चिवराचा रंग द्या," आई भाजी चिरता चिरता म्हणाली.

चिवर म्हणजे आमच्या भंतेजींचं वस्त्र, विटकरीकडे झुकणारं. बाबा दचकले. तो रंग आपण कसा घालायचा, भंतेजी रागावतील. आई म्हणाली, विचारून येते. ती विहारात गेली आणि हसतच परत आली. भंतेजींनी सांगितलं होतं, की रंगात काही नसतं, घालणाऱ्यात असतं, आणि पाण्यात मीठ घालायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच धुण्यात उतरेल. मी इन्चार्जना विचारलं, विटकरी चालेल का. फोन स्पीकरवर होता. ते म्हणाले, "इस रंग की फौज तो मैंने कहीं नहीं देखी." बाबांनी ते वाक्य दिवसभरात निदान पाच जणांना ऐकवलं.

रंगवायचा कार्यक्रम मागच्या अंगणात झाला. तीन विटा, त्यावर तेलाचा मोठा रिकामा डबा, खाली लाकडं. ऊन असं की चुलीची गरज नव्हती असं आई म्हणत होती. सिमेंट तापलेलं म्हणून बाबांनी खडावा बांधल्या. कित्येक वर्षांनी त्या लाकडाचा टकटक आवाज घरात ऐकू आला. हातात बांबू घेऊन ते डब्याभोवती फिरत आम्हाला हुकूम सोडत होते. जाळ कमी कर, मीठ टाक, ढवळणं थांबवू नको. पहिल्या खेपेला त्यांनी तिन्ही जोड एकदम कोंबले आणि कपड्यांवर चट्टे पडले. आईने सुनावलं, की भट्टीत कोळसा भरल्यासारखं काय भरता. मग एकेक करून पुन्हा. शेजारचे भिंतीवरून डोकावून कसला स्वयंपाक आहे ते विचारून गेले. दोरीवर ते जोड वाळत घातले तेव्हा जुन्या कौलांसारखा रंग आला होता, खोल, जरासा मातकट. बाबांचे हात कोपरापर्यंत त्याच रंगाचे. ते फार खुशीत होते. उरलेलं पाणी फेकायला मी डबा उचलायला गेले तर म्हणाले, राहू दे, आणि स्वतःचा ड्यूटीचा एक जुना शर्ट त्यात बुडवला. मला वाटलं, रंग वाया जाऊ नये म्हणून असेल. आमच्याकडे वाया काही जात नाही.

एवढं सगळं झालं आणि दुसऱ्या सकाळी मी 'येतो, बाबा' म्हटलं. बाबा विटकरी हातांनी पेपर धरून बसले होते. त्यांनी पान उलटलं.

मी खरोखर चिडले. विमानाच्या आदल्या दिवसापर्यंत मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. बॅग मात्र मनासारखी भरली. तळाला दोन विटकरी जोड, मध्ये हत्यारं चादरीत गुंडाळून, वर चटणीच्या आणि तिखटाच्या पिशव्या, गूळ, मीठ-साखरेची पाकिटं, दोन पंचे. नको असलेलं काही नव्हतं, हवं असलेलं काही सुटलं नव्हतं. बॅग भरण्यात मी कोणाला हार जाणार नाही, हे मला बॅगेची चेन एका दमात लागली तेव्हा पुन्हा पटलं.

निघायच्या सकाळी मी तिसरा विटकरी जोड अंगावर घातला आणि पुढच्या खोलीत आले तर खुर्ची रिकामी. बाबा उजाडल्यापासून घरात नाहीत, आई म्हणाली, कुठं गेले ते सांगितलं नाही. फोन घरीच ठेवून गेले होते. रायपूरच्या विमानतळाला जायला गाडी फाटकाशी उभी होती. मी थांबले, जितकं थांबता येईल तितकं. मग आईने 'ये' म्हटलं, पण ती तर माझ्याबरोबर गाडीत बसणार होती, त्या 'ये'ला काय अर्थ. गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. रागाने डोळ्यांत पाणी येतं हे मला आवडत नाही, पण येतं. आई मध्येच माझ्या बाहीवरची सुरकुती हाताने सारखी करत होती.

विमानतळावर गाडी थांबली आणि समोर बाबा उभे होते. अंगात तो शर्ट, विटकरी, इस्त्री केलेला, जुन्या खिशावर जिथं बिल्ला लागायचा तिथं रंग जरा गडद. पहाटेची बस धरून रायपूरला आले होते, तिथून पुढे ऑटोने. चार तासांपासून तिथंच होते. त्यांनी माझी बॅग हातात घेतली आणि चालत चालत सगळं सांगत सुटले. आत जायचं दार हे, त्या तिकडच्या दारातून फक्त बाहेर यायचं. तिकीट दाखवल्याशिवाय सोडत नाही, ओळखपत्र हातातच ठेव. इथला चहा पिऊ नको, पाणी आहे नुसतं. आत डाव्या हाताला बॅगा तपासतात, काचेतून दिसतं. मी ऐकत राहिले. मी याआधी दोनदा विमानाने गेले होते, पण तसं सांगितलं नाही.

दाराशी आल्यावर त्यांनी बॅग खाली ठेवली.

"इथवरी पाहून घेतलं," बाबा म्हणाले. "याच्या पुढचं मले दिसत नाही. तू पाह्य आन मले सांग."

मी म्हटलं, "येतो, बाबा."

"ये," ते म्हणाले. शिफ्टला निघताना म्हणायचे तसंच, ना मोठ्याने ना हळू.

आईने तोंडाला पदर लावला होता. मी बॅग उचलली आणि दारातल्या रांगेत शिरले. तपासणीचा शिपाई खाकीत होता. त्याने माझं तिकीट पाहिलं, ओळखपत्र पाहिलं, माझा शर्ट पाहिला, आणि मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"मैडम," तो म्हणाला, "आपके जैसी शर्ट वाले अंकल अभी तक वहीं खड़े हैं. एक बार देख लीजिए."

"हाँ, मालूम है," मी म्हटलं, आणि न वळता बॅग घेऊन आत गेले.